रिकामं असेल तरच

कोठावळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या चिठ्ठीवर छापून यायचं, तेवढाच त्याचा उपयोग. पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीत ते बावीस वर्षं डेटाबेस सांभाळत होते. कुठलं पार्सल कुठून निघालं, कुठं अडकलं, कुणी सही करून घेतलं, ही सगळी माहिती ज्या सर्व्हरमध्ये साठते त्याची देखभाल त्यांच्याकडे. धान्याच्या कोठारावर कसा एखादा खडूस माणूस बसवलेला असतो, एक दाणा इकडचा तिकडे होऊ देत नाही, तसे हे माहितीच्या कोठारावर. म्हणून कोठावळे. हे नाव ठेवलं तारमास्तरांनी. तारमास्तर म्हणजे त्याच ऑफिसात नेटवर्क बघणारे, भिंतीतल्या आणि छतातल्या सगळ्या वायरींचे मालक. त्यांचं नाव ठेवलं कोठावळ्यांनी. फिटंफाट.

माणूस भेटला की आपण विचारतो, कसं काय, बरं आहे ना? कोठावळे विचारायचे, "बॅकअप घेतला का?" लिफ्टमध्ये विचारायचे, जेवणाच्या टेबलावर विचारायचे. एकदा एकाच्या लग्नात स्टेजवर जाऊन नवऱ्यामुलाला विचारलं म्हणतात. पण ही गोष्ट तारमास्तर सांगतात, तेव्हा तिच्यातलं निम्मं पाणी काढून टाकायचं.

पुढं ऑफिसात कंटेनरची पद्धत आली. कोठावळे त्याला सरळ डबा म्हणत, आणि नव्या लोकांना समजावताना असे रंगात येत की समोरच्याचा चहा गार व्हावा. "हे बघा, सर्व्हर थेट मशीनवर बसवायचा नाही, डब्यात बसवायचा. डबा कसा बांधायचा त्याची कृती एका फायलीत लिहून ठेवायची. आधी तयार सर्व्हर घ्या, त्यावर आपली भर घाला, मग आपल्या नियमांच्या फायली ठेवा आणि लावा झाकण. डबा बिघडला? फेकून द्या! कृती हाताशी आहे, पाच मिनिटांत दुसरा उभा राहील. पण माहिती कधी डब्यात ठेवायची नाही. ती बाहेर, वेगळ्या कोठीत. डबा दहा वेळा फेका, मी काही म्हणणार नाही. कोठीला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे."

असा हा माणूस. आता त्यांच्या घरात चला, कारण रडायचं सगळं तिथंच आहे.

त्यांच्या बायकोला सगळं गाव बाई म्हणे. बाई मोटार चालवायला शिकवत. तेवीस वर्षं त्या छोट्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसून त्यांनी अर्ध्या गावाला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला घाबरवलं. आवाज असा, की खिडक्या बंद असल्या तरी फुटपाथवरच्या माणसानं दचकून ब्रेक शोधावा. "क्लच! अहो क्लच! पाय आहे की खांब?" कोठावळे त्यांचे विद्यार्थीच होते. तीनदा परीक्षेत नापास झाले. चौथ्यांदा पास झाले तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही रस्त्यावर एकटे गेलात तर माझं नाव खराब होईल. मला शेजारी बसावंच लागेल." आणि बसल्या, त्या कायमच्याच.

घरात बोलणं बाईंचं आणि हुंकार कोठावळ्यांचे, अशी वाटणी होती, आणि ती दोघांनाही मानवली होती. संध्याकाळी ते दारातून आत आले की बाईंची गाडी सुटायची. आज कुणी खांबाला आरसा घासला, कोण उतारावर डोळे मिटून बसला, कोण सासऱ्यांना मागच्या सीटवर घेऊन आला. कोठावळे बूट काढता काढता हसत. दिवसभर यंत्राशी मुकाट बसलेल्या माणसाला घरी आल्यावर आणखी काय हवं असतं?

आणि मग बाईंचे शब्द जायला लागले.

आधी वाटलं, वय झालं. वस्तूंची नावं सुटायची. "ते हे दे रे, ते, ज्यानं आपण हे करतो ते." मग एक दिवस शिकवताना त्या 'डावीकडे' म्हणायला गेल्या आणि तोंडातून निघालं 'मंगळवार'. शिकणारा बिचारा घाबरून सरळच गेला. बाईंनी त्या दिवशी गाडीची किल्ली आणून टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, डोक्याचे फोटो काढले आणि कोठावळ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की मेंदूत शब्दांची जी जागा असते ती वाळत चालली आहे. समज बरीच टिकेल. माणसं ओळखतील, हसतील, रागावतील. पण बोलणं जात राहील, आणि जे गेलं ते परत यायचं नाही.

"किती दिवस?" कोठावळ्यांनी विचारलं.

"दोन वर्षं. कदाचित तीन. मग काहीच नाही."

कोठावळे बाहेर आले. बाकावर बाई बसल्या होत्या. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय म्हणाले? कोठावळे म्हणाले, "काही नाही गं, गोळ्या दिल्यात." बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं तिसऱ्यांदा नापास झालेल्या माणसाकडे पाहावं. त्यांना सगळं कळलं होतं.

दिवसा सोबतीला एक मावशी ठेवल्या. हाताच्या हलक्या, मनाच्या भल्या, पण त्यांना बाईंचं बोलणं कळेना. कारण गेलेल्या शब्दांच्या जागी बाई हाताशी येतील ते शब्द ठेवायला लागल्या होत्या, आणि हाताशी काय असणार? तेवीस वर्षांची ती गाडी. पाण्याला त्या 'क्लच' म्हणायच्या. कडू औषधाला 'हॉर्न'. डोळ्यांवर उजेड येतो म्हणजे 'डिप्पर'. लेक दुसऱ्या गावी होती, तिचा फोन लावून हवा असला की 'सिग्नल'. त्यात उच्चारही मोडायला लागले. 'क्लच'चं 'तलत' झालं, 'सिग्नल'चं 'तिनल'. बाई 'तलत, तलत' म्हणून ओरडतायत आणि मावशी बिचाऱ्या गायक तलत समजून रेडिओ लावतायत! एकदा बाईंनी वैतागून वाटी भिंतीवर मारली. मावशींनी संध्याकाळी डोळे पुसत सांगितलं, "दादा, ताई वाईट नाहीत हो. मलाच त्यांची भाषा येत नाही."

कोठावळ्यांच्या डोक्यात तिथं दिवा लागला. भाषा येत नाही ना? मग तिचा कोश करू.

पहिले काही आठवडे त्यांनी वहीत लिहिलं. त्र्याण्णव शब्द झाले. पण वहीत सापडायचं कसं? मावशींना ऐकू येणार 'तलत', वहीत लिहिलेलं 'क्लच'. साधा डेटाबेसही हेच म्हणणार, की 'तलत' माझ्याकडे नाही, रामराम. म्हणून कोठावळ्यांनी घरी जुन्या लॅपटॉपवर एक डबा बांधला. तयार सर्व्हर घेतला आणि त्यावर स्वतःच्या हातानं भर घातली. बाई 'क'चा, 'च'चा आणि 'स'चा 'त' करतात, जोडाक्षर फोडतात, शेवट ओढतात, हे सगळे नियम लिहून त्या सर्व्हरला शिकवले. जगात बाकी सगळे सर्व्हर कुठल्या ना कुठल्या भाषेच्या क्रमानं शोधतात. हा एकच होता जो बाईंच्या मोडक्या उच्चारानं शोधायचा. मावशींनी फोनवर ऐकू आलं तसं लिहायचं, 'तलत', की खाली यायचं: पाणी. पहिल्या दिवशी मावशींनी पेला भरून नेला आणि बाईंनी त्यांच्या गालाला हात लावला. संध्याकाळी ही हकिकत ऐकून कोठावळे न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडले.

पुढचे चौदा महिने त्या घरात एक खेळ चालला. बाई काहीतरी म्हणायच्या. कोठावळे एकेक वस्तू दाखवायचे. हे? नाही. हे? नाही. ते? आणि जमलं की बाई दोन्ही हात वर करून "हां!" म्हणायच्या, पास झालेल्या विद्यार्थ्याला म्हणावं तशा. मग तो शब्द त्या पुन्हा म्हणायच्या, फोनवर आवाज टिपला जायचा आणि शब्द, अर्थ, तारीख, आवाज असं सगळं मिळून एक ओळ कोठीत जाऊन पडायची. चौदाशे आठ ओळी झाल्या. आता खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या मावशींच्या काही कामाच्या नव्हत्या. 'बंपर' म्हणजे लेकीचं लहानपणीचं पडणं. 'पार्किंग' म्हणजे माझ्याजवळ बस. 'एल-बोर्ड' म्हणजे खुद्द कोठावळे. नवऱ्याचं नाव गेलं तेव्हा त्या जागी बाईंनी शिकाऊ माणसाच्या गाडीला लावतात ती पाटी लावली होती, आणि कोठावळे ती मिरवत होते. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर आपण बायकोशी पहिल्यांदाच इतकं बोलतोय, असं त्यांनी तारमास्तरांना सांगितलं.

तो दिवस सुट्टीचा होता. सकाळचे दहा वाजले होते. मावशी आल्या नव्हत्या. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि कोठावळे समोर टेबलाशी. बाई म्हणाल्या, "शी."

आता 'शी' म्हटल्यावर माणूस काय करील? कोठावळ्यांनी त्यांना हाताला धरून न्हाणीघरात नेलं. बाईंनी मान हलवली, नाही. परत आणून बसवलं. पुन्हा "शी." पुन्हा नेलं. दुसऱ्या खेपेला बाईंनी त्यांच्या दंडावर चापट मारली. मग कोठावळ्यांना आठवलं. गेल्या पंधरवड्यापासून बाई पहिलं अक्षर गिळायला लागल्या होत्या. म्हणजे 'बशी' असेल! बशीत चहा ओतून आणला. बाईंनी तोंड फिरवलं. "शी, शी," त्या म्हणत राहिल्या, आणि आवाजात रडू यायला लागलं.

गंमत अशी, की गिळलेल्या अक्षराचा नियम कोठावळ्यांनी तीन दिवसांपूर्वीच लिहून ठेवला होता. पहिलं अक्षर नसलं तरी शोधायचं, आणि बाई दिवसाच्या ज्या वेळी जो शब्द जास्त वापरतात तो वर दाखवायचा. आदल्या दिवशी नवा डबा बांधून सुरूही केला होता. पण शोध जुन्याच पद्धतीनं चालला होता. कोठावळ्यांना कारण लगेच कळलं. असा सर्व्हर सुरू होताना आधी कोठीत डोकावतो. कोठी रिकामी असेल तरच नियमांच्या फायली वाचतो. भरलेली दिसली की म्हणतो, इथं आधीच कुणाचा संसार मांडलेला आहे, आपण कशाला ढवळाढवळ करा. ते बरोबरच आहे त्याचं.

सरळ मार्ग होता. चालू सर्व्हरला ती नवी फाईल हातानं वाचायला लावायची. दोन मिनिटांचं काम. कोठावळ्यांना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण ऑफिसात, चाचणीच्या डब्यांवर, सगळे जण दिवसातून पन्नास वेळा दुसराच उपाय करत. डबा खाली उतरवण्याच्या कमांडच्या शेवटी एक जादा अक्षर ठोकायचं. त्या एका अक्षराचा अर्थ: कोठीसकट. मग सगळं नव्यानं, रिकाम्यापासून सुरू होतं आणि नवे नियम निमूट वाचले जातात. तिथं ते चालतं. तिथल्या कोठीत खोटी नावं आणि खोटी पार्सलं असतात.

बाई मागं रडत होत्या. "आलो, आलो, एक मिनिट," कोठावळे म्हणाले. डोकं बाईंकडे होतं आणि बोटं आपापल्या सवयीनं चालली. हो, बोटांनाही सवयी असतात, आणि त्या आपल्याला विचारून येत नाहीत. कमांड गेली, शेवटच्या अक्षरासकट. मग डबा वर आणायची कमांड गेली. पडद्यावर ओळी पळाल्या आणि शेवटी आलं, सर्व्हर तयार आहे.

कोठावळ्यांनी घाईनं 'शी' लिहून शोधलं. उत्तर आलं: शून्य ओळी.

त्यांना वाटलं, नियमात चूक आहे. म्हणून 'तलत' शोधलं. शून्य. 'क्लच' शोधलं. शून्य. मग एकूण ओळी किती ते विचारलं. शून्य. तेव्हा त्यांनी वर सरकवून आपणच काय लिहिलंय ते वाचलं, आणि ते शेवटचं अक्षर दिसलं.

बॅकअप? होता की! रोजचा होता. न चुकता घेतलेला. पण चौदा महिन्यांपूर्वी पहिल्या दिवशी, तात्पुरता म्हणून, त्याच कोठीच्या एका कोपऱ्यात ठेवायला सांगितला होता. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे हलवू म्हणाले होते. मग बाईंचे शब्द जमवण्यात पुढचा आठवडा कधी आलाच नाही. घर जळावं आणि विम्याचे कागदही घरातल्याच कपाटात असावेत, तसं झालं. फोनवरचे आवाज कोठीत गेले की फोनमधून आपोआप पुसले जायचे, कारण फोनमध्ये जागा नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण दुसऱ्याला ऐकवायला किती सोपी असते!

त्यांनी तारमास्तरांना फोन केला. शब्द फुटेना. तारमास्तर एवढंच समजले की काहीतरी भयंकर झालंय, आणि बाईंना काही झालं असं वाटून घरच्या चपलांवरच धावत आले. दारातून आत येऊन त्यांनी आधी बाईंकडे बघितलं. बाई खुर्चीत एका अंगावर कलंडल्या होत्या, पाठीमागं खुर्चीचा दांडा रुतत होता. "शी," त्या अगदी क्षीण आवाजात म्हणाल्या.

"उशी पाहिजे का बाई?" तारमास्तर म्हणाले. खाली पडलेली उशी उचलून त्यांनी पाठीमागं ठेवली. बाईंनी दोन्ही हात वर केले. "हां!"

कोठावळे टेबलापाशी उभे होते. उशी त्यांच्या पायाजवळच पडली होती. तासभर.

तारमास्तरांनी त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. स्वतःचं सामान मागवून घेतलं, लॅपटॉप उघडला, पुसलेलं परत काढायचे जे जे उपाय असतात ते सगळे दुपारभर केले. पण लॅपटॉप जुना असला तरी डिस्क नव्या जातीची होती. रिकामी झालेली जागा ती स्वतःच झाडून घेते. चार वाजता त्यांनी मान वर केली. "काय राव," ते म्हणाले. लॅपटॉप मिटून म्हणाले, "पुन्हा गोळा करू. मी येत जाईन रोज ऑफिसातून. वहीतले त्र्याण्णव आहेतच की."

"कुणाकडून गोळा करणार?" कोठावळे म्हणाले. "ती आता 'तलत' म्हणत नाही रे. पाण्याला पेला दाखवते. 'सिग्नल' गेला, 'पार्किंग' गेलं. मागच्या वर्षीचं बोलणं आता तिच्याकडेही नाही. ते इथंच होतं, एवढंच."

तारमास्तर गेल्यावर लेकीचा फोन आला. नेहमीचा सुट्टीचा फोन. खोटं बोलावं असं कोठावळ्यांच्या मनात आलं, पण बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना शिकवलं होतं, की कोठार रिकामं झालं तर पहिल्या तासात सांगायचं. त्यांनी सांगितलं.

"आवाज पण?" लेक म्हणाली.

"हो."

"सगळे? 'बंपर' पण? बाबा, ती माझं गुडघे फोडणं सांगते ते पण?"

"सगळं गेलं बाळा. माझ्या हातानं."

लेक रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन ठेवायच्या आधी विचारलं, "तुम्ही जेवलात का?" आणि त्या एका प्रश्नानं कोठावळे पार ढासळले.

ते बाईंच्या खुर्चीपाशी गेले आणि जमिनीवर बसले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. रस्त्यावरून कुणीतरी शिकाऊ माणूस धक्के देत गाडी नेत होता. कोठावळे म्हणाले, "अगं, ऐक. तू जे जे बोललीस ना, चौदा महिने, ते सगळं मी पुसून टाकलं. चुकून. मी तुझे शब्द सांभाळतो म्हणालो होतो. नाही सांभाळले." आणि मग त्यांनी बाईंच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखे हुंदके दिले. बाईंना किती कळलं कोण जाणे. त्यांनी वाकून कोठावळ्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केसांतून एकदा बोटं फिरवली. आणि अगदी स्पष्ट, समजावल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "तावेर."

कोठावळ्यांनी वर बघितलं. "काय?"

"तावेर," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तावेर. तावेर."

कोठावळ्यांनी फोन काढून, पुन्हा पुन्हा 'काय?' विचारत, तो आवाज टिपला. मग उठले. चादर आणली. नाही. चावी दाखवली. नाही. पडदा सारला, पाणी आणलं, लेकीचा फोटो आणला. नाही. ते समोर नुसते उभे राहिले. बाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या, जणू उत्तर अगदी सोपं आहे, मग थकल्या आणि डोळे मिटून घेतले.

कोठावळे रिकाम्या कोठीपुढं जाऊन बसले. पहिली ओळ लिहायला घेतली. शब्द: तावेर. तारीख टाकली, आवाज जोडला. सर्व्हरनं ती ओळ घेतली नाही. अर्थाची जागा कोरी चालणार नाही, असं तो म्हणाला. नियम कोठावळ्यांनीच घातलेला होता, शिस्तीसाठी. त्यांनी अर्थाच्या जागी लिहिलं, 'माहीत नाही', आणि सर्व्हरनं मुकाट्यानं ओळ घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात तो आवाज तारमास्तरांना ऐकवला. तारमास्तरांनी तीनदा ऐकला. म्हणाले, "'सावर' म्हणत असतील हो. 'स'चा 'त' करतात ना त्या? 'सावर स्वतःला', असं."

"असेलही," कोठावळे म्हणाले. "पण 'आवर'चंही असंच काहीतरी होतं तिचं. आवर आता, ऊठ, मला झोपायचंय. दोन्हींची नोंद होती माझ्याकडे. उच्चारात बारीक फरक होता. त्यावरून लगेच कळलं असतं."

पुढं आणखी अकरा महिने बाई बोलल्या, दिवसेंदिवस कमी. कोठीत एकसष्ट ओळी झाल्या. त्यातल्या चव्वेचाळीसांपुढं 'माहीत नाही' असं लिहिलेलं आहे. बॅकअप आता तीन ठिकाणी जातो, एक तारमास्तरांच्या घरी, एक लेकीकडे, एक ऑफिसच्या तिजोरीत. कोठावळे लॅपटॉपला फारसा हात लावत नव्हते. संध्याकाळी घरी आले की बूट काढून सरळ खुर्चीपाशी जमिनीवर बसायचे आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहायचे. शेवटी शेवटी 'तावेर'ही गेलं. मग नुसता श्वास आणि मधूनच एखादा हुंकार. घरातली वाटणी उलटली होती. आता बोलायचे कोठावळे. आज कुठलं पार्सल हरवलं, कोण जिन्यात घसरला. त्यांना गोष्ट सांगता येत नाही, शेवट आधीच सांगून टाकतात. बाई ऐकायच्या.

बाई गेल्या त्याला आता वर्ष झालं. लेक आली होती. दुपारी चहा झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, ऐकवा ना." कोठावळ्यांनी लॅपटॉप उघडला आणि पहिली ओळ लावली. खोलीत बाईंचा आवाज आला, मोडका, पण मोठा, बंद खिडक्यांतून बाहेर जाईल असा. तावेर. मागं कोठावळ्यांचं "काय?" आणि पुन्हा, तावेर, तावेर.

लेकीनं डोळे पुसले. "किती मायेनं म्हणतेय," ती म्हणाली. "कुणाला म्हणतेय? तुम्हालाच ना?"

"मलाच."

"काय म्हणतेय?"

कोठावळ्यांनी तो आवाज पुन्हा लावला, कान देऊन शेवटपर्यंत ऐकला.

"माहीत नाही, बाळा," ते म्हणाले.